भाकरी थापायची, पोळी लाटायची, पाव फुगवायचा : असे का?

किण्वनाचा पाठ आला की फळ्यावर पावाचे चित्र येते. यीस्ट, साखर, कोमट पाणी आणि दुप्पट फुगलेला कणकेचा गोळा. शास्त्र म्हणून त्यात काही चूक नाही. पण धाराशिव जिल्ह्यातल्या (२०२३ पर्यंतचे शासकीय नाव उस्मानाबाद) परंडा, भूम किंवा कळंब तालुक्यातील किती मुलांनी घरी पाव भाजलेला पाहिला असेल? त्यांनी रोज पाहिलेली असते ती ज्वारीची भाकरी. पाव त्यांच्या दृष्टीने दुकानातून आणायची वस्तू.

तेव्हा वर्गात एक प्रश्न टाकून पाहा : "भाकरीच्या पिठात यीस्ट घातले तर भाकरीचा पाव होईल का?" उत्तर 'नाही' असे आहे. मात्र ते का नाही, याचा शोध घेताना पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांपैकी प्रत्येकाचे काम स्पष्ट होत जाते. त्यासाठी प्रयोगशाळेची फारशी गरज नाही. काठवट, तवा, थोडे आयोडीन आणि एक तापमापी एवढे साहित्य पुरते.

तक्त्यात सारखे, हातात वेगळे

प्रथम अन्नघटकांचा तक्ता पाहू. गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदके सुमारे ७० ग्रॅम, प्रथिने १० ते १२ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ २ ग्रॅमच्या आसपास आणि पाणी १० ते १२ ग्रॅम असते. ज्वारीच्या पिठाचे आकडेही जवळजवळ हेच आहेत. तक्ता पाहून कोणाला वाटेल की दोन्ही पिठे सारखीच वागतील.

प्रत्यक्षात तसे होत नाही. गव्हाची कणीक ओढली की ताणली जाते आणि सोडली की थोडी मागे येते. ती पोळपाटावर लाटता येते, तिचा कागदासारखा पातळ पापुद्राही करता येतो. ज्वारीचे पीठ थंड पाण्यात मळून लाटायला घ्या. कडा फाटतात, उचलताना तुकडे पडतात. म्हणजे फरक घटकांच्या प्रमाणात नाही, तो प्रथिनांच्या जातीत आहे. हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे आहे.

प्रयोग १ : कणीक धुऊन पाहणे

१०० ग्रॅम मैदा किंवा गव्हाचे पीठ सुमारे ६० मि.लि. पाण्यात घट्ट मळा. गोळा अर्धा तास झाकून ठेवा. मग तो पातेलीभर पाण्यात बुडवून बोटांनी हळूहळू दाबत धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते एका भांड्यात काढून ठेवा आणि नवे पाणी घ्या. पाणी जवळजवळ स्वच्छ राहू लागेपर्यंत धूत राहा.

हातात शेवटी काय उरते? करड्या-पिवळसर रंगाचा, रबरासारखा चिवट गोळा. मैदा वापरला असेल तर हा ओला गोळा साधारण २५ ते ३० ग्रॅम भरतो. हेच ग्लुटेन. काढून ठेवलेल्या पांढऱ्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की ते निळे-काळे होते, म्हणजे धुऊन गेला तो स्टार्च. वरच्या वर्गातील मुलांनी चिवट गोळ्याच्या बारीक तुकड्यावर कॉस्टिक सोड्याचे विरल द्रावण आणि मोरचुदाच्या द्रावणाचे एक-दोन थेंब टाकून पाहावे. जांभळा रंग प्रथिनाची साक्ष देतो. (कॉस्टिक सोडा शिक्षकांनीच हाताळावा. प्रयोगातले पीठ खाण्यात जाऊ देऊ नये.)

इटलीतील बोलोन्या शहरातील बेकारी या शास्त्रज्ञाने नेमके हेच केले होते. त्याचे हे काम १७४५ साली प्रसिद्ध झाले. प्राण्यांच्या शरीरात सापडतो तसा पदार्थ धान्यातही असतो, ही गोष्ट त्या काळी नवी होती.

आता हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करा. गोळा पाण्यात बुडवला की विरघळल्यासारखा होतो आणि काही मिनिटांत सारेच पीठ पाण्यात पसरते. हातात काही उरत नाही. कोंड्याचे कण बोटांना लागतात एवढेच.

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि मळले गेले की त्यांचे जाळे विणले जाते. ग्लुटेनिनमुळे जाळ्याला ताण येतो, ग्लायडिनमुळे ते पसरू शकते. ज्वारीतील मुख्य प्रथिन काफिरिन. ते पाण्याला दूर ठेवणारे आहे आणि दाण्यात बारीक गोळ्यांच्या रूपात बंदिस्त असते. कितीही मळले तरी साध्या पाण्यात त्याचे जाळे होत नाही.

मग भाकरीला बांधते कोण?

याचे उत्तर भाकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला हाताने ठाऊक असते. पीठ भिजवायला ती उकळते पाणी, म्हणजे आधण घेते. पिठात आळे करून त्यात आधण ओतते, उलथन्याने कालवते आणि सोसेल इतके निवल्यावर तळहाताच्या टाचेने रगडून मळते. पिठाला 'विरी' आली, असे ती म्हणते. विरी म्हणजे पीठ एकमेकांना धरून राहण्याचा गुण. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी जाते, तेव्हा गरम पाणी अधिक वापरावे लागते, हेही तिला माहीत असते.

गरम पाण्याने काय होते? स्टार्चचे सूक्ष्म कण थंड पाण्यात फारसे पाणी पीत नाहीत. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की मात्र ते पाणी शोषून फुगतात, मऊ होतात आणि त्यांची खळ तयार होते. कागद चिकटवायला आपण करतो तीच ही खळ. गव्हाच्या स्टार्चसाठी ही मर्यादा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, ज्वारीच्या स्टार्चसाठी त्याहून वर, ७० अंशांच्या आसपास.

प्रयोग २ : खळ कधी होते?

अर्धा पेला पाण्यात एक चमचा ज्वारीचे पीठ कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळत तापवा. दर ५ अंशांनी तापमान आणि मिश्रणाचा दाटपणा लिहून ठेवा. बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग थोड्याच अंशांत मिश्रण दाट होते. तो आकडा मुलांनी स्वतः शोधावा. शेजारी थंड पाण्यात कालवलेला दुसरा पेला ठेवावा. त्यात पीठ तळाशी बसलेले दिसेल.

आता एक गणित घालता येईल. १०० ग्रॅम पीठ २७ अंशांवर आहे. त्यात १०० ग्रॅम उकळते पाणी ओतले. पिठाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे ०.४ पट धरू. मिश्रणाचे तापमान किती?

पाण्याची बाजू १०० × १०० = १०,०००. पिठाची बाजू १०० × ०.४ × २७ = १,०८०. बेरीज ११,०८०. तिला १०० + ४० = १४० ने भागले की सुमारे ७९ अंश येतात. काठवटीने आणि हवेने काही उष्णता घेतली तरी मिश्रण ७० च्या आसपास राहू शकते. आता पाणी उकळते न घेता ६० अंशांचे घ्या. त्याच रीतीने उत्तर सुमारे ५१ अंश येते. स्टार्च फुगणार नाही आणि भाकरी थापताना तुटेल. 'आधण चांगले उकळू दे' या घरातल्या सूचनेमागे हे गणित आहे.

मात्र सगळाच स्टार्च फुगला तरी चालत नाही. उकड जास्त झाली की पीठ हाताला चिकटते आणि भाकरी थापता येत नाही. काही कण फुगलेले, बाकीचे कोरडे आणि मध्ये खळीचा लेप, अशी ही रचना आहे. विटांच्या भिंतीत चुना असतो त्याप्रमाणे.

लाटणे आणि थापणे यांतला फरकही येथूनच निघतो. लाटण्याने पीठ ओढले जाते. ग्लुटेनचे जाळे ती ओढ सहन करते, खळ करू शकत नाही. थापताना पीठ वरून दाबले जाते आणि हाताने गोल फिरत कडेकडे सरकते. जेथे चीर पडेल तेथे बोट लगेच ती बुजवते. पोळीची कणीक अर्धा तास मुरू दिली तर जाळे सैल होऊन लाटणे सोपे जाते. भाकरीचे पीठ मात्र एकेका भाकरीपुरते रगडून लगेच थापतात, कारण खळ निवली की ताठ होऊ लागते.

तव्यावर काय घडते?

भाकरी तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर ठेवतात आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवतात. हे पाणी कशाला? वरच्या बाजूचे पीठ कोरडे राहिले तर ते तापून तडकते. पाणी मिळाले की तेथील स्टार्च फुगून खळ होते, आणि उलटल्यावर तीच खळ तापून सुकते व अखंड पापुद्रा तयार होतो. दुसऱ्या बाजूलाही असाच थर धरतो. मग भाकरी आरावर धरली की दोन थरांच्या मध्ये अडकलेल्या पाण्याची वाफ होते.

१ ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते. तेव्हा भाकरी टम्म फुगायला एका ग्रॅमहून कमी वाफही पुरेशी आहे. पण कडेला एक चीर असेल तर वाफ तेथून निसटते आणि भाकरी फुगत नाही. फुगलेली भाकरी म्हणजे थर अखंड असल्याचा पुरावा. पाणी आहे तोपर्यंत भाकरीचा आतला भाग १०० अंशांपुढे जात नाही. बाहेरचा पापुद्रा सुकल्यावर मात्र खूप तापतो आणि तेथे प्रथिने व साखरा यांच्यात अभिक्रिया होऊन तपकिरी डाग आणि खमंग वास येतो. १९१२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माय्यार याने या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पावाच्या कवचाचा वासही याच अभिक्रियेचा.

पावात वायू येतो कोठून आणि राहतो कोठे?

भाकरीत वाफेची एकच मोठी पोकळी असते. पावात हजारो लहान पोकळ्या असतात आणि त्या भट्टीत जाण्यापूर्वीच तयार झालेल्या असतात. हे काम यीस्ट या एकपेशीय बुरशीचे. पिठातील विकर स्टार्चचे तुकडे करून माल्टोज ही साखर देतात. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणजे १ ग्रॅम ग्लुकोजपासून खोलीच्या तापमानाला सुमारे पाव लिटर वायू. पाव हलका का असतो याचा हा हिशेब.

गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतला. पायाने तुडवतात म्हणून पाव, ही लोकांत रूढ असलेली व्युत्पत्ती खरी नाही. तेथील पोदेर पीठ फुगवण्यासाठी माडाची ताडी वापरत. ताडीत यीस्ट निसर्गतःच असते.

प्रयोग ३ : एकच यीस्ट, दोन पिठे

दोन सारख्या काचेच्या पेल्यांत यीस्ट आणि थोडी साखर घालून कोमट पाण्यात मळलेले पीठ भरा, एकात गव्हाचे, दुसऱ्यात ज्वारीचे. बाहेरून पातळीची खूण करा. उबदार जागी झाकून ठेवून दर १५ मिनिटांनी पाहा. गव्हाचे पीठ खुणेच्या बरेच वर चढते. ज्वारीचे थोडे वर येते, त्याला भेगा पडतात आणि वायू निघून जातो. वायू दोन्हींकडे झाला. तो धरून ठेवणारी पिशवी एकीकडेच होती. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

ज्वारी आंबत नाही असे मुळीच नाही. धाराशिव-लातूर भागात येळवशीला शेतात आंबील असतेच. ज्वारीचे पीठ आणि ताक यांची ती आंबट चव दुग्धाम्ल करणाऱ्या जिवाणूंची. ज्वारीचे मूळ स्थान ईशान्य आफ्रिका. तेथे सुदानमध्ये ज्वारीचे पीठ आंबवून सरबरीत करतात आणि तव्यावर अगदी पातळ पसरून 'किसरा' नावाची पोळी करतात. आपल्या धिरड्याची ही बहीणच. ग्लुटेन नसलेल्या धान्याशी दोन देशांनी केलेली ही दोन प्रकारची तडजोड आहे : एकाने पीठ पातळ करून पसरले, दुसऱ्याने उकड काढून थापले.

भट्टीत पावाचे काय होते, तेही पाहू. सुरुवातीला वायू प्रसरण पावतो. तापमान ६० अंशांच्या आसपास गेले की यीस्ट मरते. त्याच सुमारास स्टार्च फुगू लागतो, पुढे ग्लुटेनचे जाळे घट्ट होते आणि पावाचा आकार कायम होतो. म्हणजे पावात प्रथिन आधी बांधते आणि स्टार्च शेवटी. भाकरीत स्टार्च आकार देण्यापूर्वीच कामाला लागतो. सगळा फरक या क्रमात आहे.

मीठ, साखर, तेल

पावात १०० ग्रॅम पिठाला सुमारे २ ग्रॅम मीठ घालतात. ते चवीबरोबर आणखी दोन कामे करते : ग्लुटेनचे जाळे घट्ट करते आणि यीस्टचा वेग आवरते. मिठाच्या द्रावणात परासरणामुळे यीस्टच्या पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. तीन बाटल्यांत यीस्ट आणि साखरेचे कोमट पाणी घेऊन एकीत काहीच न घालता, दुसरीत दोन चमचे मीठ घालून आणि तिसरीत यीस्ट आधी उकळून तोंडांना फुगे बांधले तर फरक तासाभरात दिसतो. भाकरीत सांभाळायला ना जाळे, ना यीस्ट. म्हणून बहुतेक घरी भाकरीत मीठ नसते, ते पिठल्यात आणि ठेच्यात असते.

साखरेने यीस्टला तयार अन्न मिळते आणि कवचाला रंग चढतो. पावात थोडे तेल किंवा लोणी घातले तर तो अधिक मऊ राहतो.

शिळी भाकरी

निवल्यावर फुगलेल्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन नीटस रचना करू लागतात. भाकरी वातड होते, पाव शिळा होतो. केवळ पाणी उडून जाण्याने हे होत नाही, कारण डब्यात झाकून ठेवली तरी भाकरी ताठ होते. शीतपेटीच्या तापमानाला ही क्रिया अधिक वेगाने होते. पाव शीतपेटीत बुरशीपासून वाचतो, पण मऊ राहत नाही. शिळी भाकरी पुन्हा तव्यावर गरम केली की रचना काही अंशी मोडते आणि ती मऊ होते. शेजारच्या सोलापूरची कडक भाकरी याच्या पलीकडची. अगदी पातळ थापून, भाजून तिच्यातील पाणी जवळजवळ काढून टाकलेले असते. पाणी नाही म्हणून बुरशी नाही, आणि ती कित्येक दिवस टिकते.

हे शिकवायचे कशासाठी?

परंडा-भूमच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पावसाळ्यानंतर मुरलेल्या ओलाव्यावर वाढते. मालदांडी ३५-१ हे तिचे प्रसिद्ध वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३०च्या दशकात निवडले गेले. राज्यातील ज्वारीचे क्षेत्र मात्र गेल्या काही दशकांत घटत आले आहे. भाकरीकडे गरिबाचे खाणे म्हणून पाहण्याची सवय अनेक मुलांनाही लागली आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तरी एका वर्षाच्या घोषणेने सवयी बदलत नाहीत. ज्वारी पावासारखी फुगत नाही हा तिचा कमीपणा नव्हे, तो केवळ तिच्या प्रथिनाचा स्वभाव आहे, हे मुलांना प्रयोगातून कळले तर त्याचा उपयोग होईल.

ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी तर हा स्वभाव वरदानच आहे. सिलिअॅक या आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या आतील अस्तराला इजा होते. मूल वाढत नाही, वारंवार जुलाब होतात, रक्त कमी होते. अशा मुलाला ज्वारीची भाकरी चालते. एक काळजी मात्र घ्यावी लागते : ज्या गिरणीत आधी गहू दळला, तिच्यातच लगेच ज्वारी दळली तर गव्हाचे पीठ त्यात मिसळते. अशा घरी ज्वारी वेगळी दळणे आवश्यक असते. वर्गातील एखाद्या मुलात अशी लक्षणे दिसली तर पालकांना डॉक्टरकडे जायला सांगावे. तपासणीपूर्वी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नये, कारण त्याने निदान अवघड होते.

ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींमध्ये ते भरपूर असते. भाकरी आणि पिठले ही जोडी चवीइतकीच पोषणाच्या दृष्टीनेही जमलेली आहे.

मुलांनी घरी जाऊन विचारावेत असे काही प्रश्न येथे देत आहोत. आधण किती उकळले की पुरे, हे कशावरून ओळखता? विरी गेलेले पीठ कसे ओळखता आणि त्याचे काय करता? बाजरीची भाकरी आणि ज्वारीची भाकरी थापताना हाताला कोणता फरक जाणवतो? पाण्याचा हात फिरवला नाही तर काय होते? उत्तरे वहीत लिहून आणावीत आणि प्रत्येकासाठी एक साधा प्रयोग वर्गाने मिळून सुचवावा. आई-आजीची काही उत्तरे पुस्तकात सापडणार नाहीत. ती तपासून पाहता येतील अशा रीतीने मांडणे, हेच विज्ञानाच्या तासाचे काम.